व्हीएम चालतं, पण हलत नाही: पासथ्रू डिव्हाइस, व्हर्च्युअल आयओएमएमयू आणि दर मेंटेनन्सला अडणारं लाईव्ह मायग्रेशन

लक्षण असं. केव्हीएमवरचं (केव्हीएम म्हणजे लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, महिनोन्‌महिने बिनतक्रार चालतं. नेटवर्क कार्डाचं व्हर्च्युअल फंक्शन (कार्डाचा स्वतंत्रपणे वाटता येणारा भाग), म्हणजे व्हीएफ, थेट व्हीएमला दिलेलं, म्हणजे पासथ्रू केलेलं असतं, वेग उत्तम मिळतो, लॉगमध्ये ओरड नाही. मग होस्ट (व्हीएम ज्यावर चालतं तो खरा सर्व्हर) रिकामा करायची वेळ येते. व्हीएम चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर न्यायचं असतं, यालाच लाईव्ह मायग्रेशन म्हणतात. व्हर्श या व्हीएम सांभाळायच्या कमांडलाइन साधनातून मायग्रेट कमांड दिली की क्षणात नकार येतो: आधी डिव्हाइसचा पीसीआय पत्ता आणि पुढे 'मायग्रेशन इज करंटली नॉट सपोर्टेड विथ व्हीआयओएमएमयू एनेबल्ड'. आयओएमएमयू म्हणजे डिव्हाइस वापरतं त्या मेमरीच्या पत्त्यांचं भाषांतर आणि नियंत्रण करणारं हार्डवेअर; व्हर्च्युअल आयओएमएमयू, म्हणजे व्हीआयओएमएमयू, ही व्हीएमला दाखवलेली त्याची नक्कल. त्या दिवशी कोणीतरी वापरकर्त्यांची परवानगी काढून व्हीएम बंद करतं, दुसऱ्या होस्टवर चालू करतं, आणि विषय मिटतो. पुढच्या मेंटेनन्सला तेच वाक्य पुन्हा समोर.

गोव्यात हे बहुतेक मे महिन्यात घडतं. पाऊस सुरू व्हायच्या आधी वीजवाहिन्यांवरच्या फांद्या छाटण्यासाठी ठरलेले शटडाऊन असतात, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या असतात, एसीची सर्व्हिसिंग असते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत असो की पणजीत पाटोवर, सर्व्हर रूम छोटी असली तर होस्ट दोन-तीनच असतात आणि एकेक रिकामा केल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. म्हणून हा प्रश्न नीट, मुळापासून सोडवून ठेवणं गरजेचं आहे. इथे मी क्यूएमू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) आणि लिबव्हर्ट (त्याचं व्यवस्थापन करणारं सॉफ्टवेअर), इंटेलचे होस्ट आणि लिनक्स गेस्ट (व्हीएमच्या आतली सिस्टम) धरून लिहितो आहे.

पहिली गोष्ट आग्रहाने सांगतो: हा नकार क्यूएमूचा कोड पॅच करून उडवू नका. ती एक ओळ काढून पुन्हा बिल्ड केलं की मायग्रेशन 'यशस्वी' होतं, व्हीएम पलीकडे उभं राहतं, पिंग चालतं. डेटा मात्र बिघडलेला असू शकतो, आणि तो बिघडलाय हे कोणीच सांगत नाही. का, ते समजून घेतलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

नकारामागचं कारण

लाईव्ह मायग्रेशनमध्ये व्हीएम चालू असतानाच त्याची मेमरी पलीकडे पाठवली जाते. पाठवून झालेल्या पानावर गेस्टने पुन्हा लिहिलं तर ते पान 'डर्टी' होतं आणि पुन्हा पाठवावं लागतं. सीपीयूने केलेलं लिखाण केव्हीएमला दिसतं, कारण ते पेज टेबलमधून जातं. पासथ्रू डिव्हाइस मात्र डीएमए (सीपीयूला मध्ये न घेता मेमरी वापरणं) करतं. ते होस्टच्या आयओएमएमयूमधून थेट मेमरीत लिहितं आणि केव्हीएमला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून या लिखाणाची नोंद डिव्हाइसने स्वतः ठेवावी लागते, नाहीतर होस्टच्या आयओएमएमयूने. डिव्हाइसने नोंद ठेवण्याची सोय लिनक्स ६.१ पासून आहे. आयओएमएमयूकडून नोंद मिळवण्याची सोय आयओएमएमयूएफडी या कर्नलच्या इंटरफेसच्या मार्गाने ६.७ मध्ये आली.

व्हर्च्युअल आयओएमएमयू नसेल तर हिशोब सरळ असतो. गेस्टची सगळी मेमरी एकदाच मॅप होते, डिव्हाइसला दिसणारा पत्ता आणि गेस्टचा भौतिक पत्ता एकच असतो, आणि व्हीएम बंद होईपर्यंत त्यात बदल होत नाही. डिव्हाइसने 'अमुक पत्त्यावर लिहिलं' असं सांगितलं की क्यूएमू ते पान पाठवतो.

व्हर्च्युअल आयओएमएमयू लावला की पत्ते वाटायचं काम गेस्टच्या कर्नलकडे जातं. नेटवर्क ड्रायव्हर प्रत्येक बफरसाठी एक आभासी पत्ता घेतो, काम झालं की सोडतो, आणि तोच पत्ता पुढच्या बफरला देतो. कळंगुटच्या लॉजमध्ये जसा खोलीचा नंबर तोच राहतो आणि पाहुणा रोज बदलतो, तसं.

आता एकच पॅकेट जवळून पाहू. आभासी पत्ता 'क' हा सध्या गेस्टच्या 'प' या पानाकडे बोट दाखवतोय. कार्डाने 'क'वर पॅकेट लिहिलं आणि आपल्या नोंदीत 'क डर्टी' अशी खूण केली. गेस्टच्या ड्रायव्हरने पॅकेट उचललं, 'क' सोडला, आणि लगेच 'क' दुसऱ्या पानाला, 'फ'ला, दिला. इतक्यात क्यूएमूने नोंद मागवली. 'क डर्टी' असं उत्तर आलं. क्यूएमूने 'क' म्हणजे आता कोण ते पाहिलं, तर 'फ'. 'फ' पलीकडे गेलं. 'प'मध्ये आलेलं पॅकेट मात्र गेलंच नाही. पलीकडच्या होस्टवर 'प'ची जुनी प्रत राहिली. टीसीपीचा चेकसम आधीच्या होस्टवर तपासून झालेला आहे, त्यामुळे पलीकडे पुन्हा कोणी तपासणार नाही. अ‍ॅप्लिकेशन ती शिळी बाइट्स खरी समजून डेटाबेसमध्ये लिहून टाकतं.

यावर उपाय म्हणजे मॅपिंग सोडतानाच, सोडण्याच्या आधी, त्या पत्त्याची डर्टी नोंद वाचून घेणं. पण व्यस्त नेटवर्कवर मॅपिंग अखंड होत-सुटत असतं आणि प्रत्येक वेळी हा वळसा घ्यावा लागतो. शिवाय डिव्हाइसला 'अमुक ते अमुक पत्त्यांवर नजर ठेव' असं सुरुवातीलाच सांगावं लागतं. व्हर्च्युअल आयओएमएमयूची पत्त्यांची रुंदी ३९ बिट असेल तर ती कक्षा ५१२ जीबीची होते, ४८ बिट असेल तर २५६ टीबीची. गेस्टला मेमरी १६ जीबीच दिलेली असली तरी गेस्ट त्यातला कोणता पत्ता कधी वापरेल हे आधी कळत नाही. इतकी मोठी कक्षा सांभाळणं प्रत्येक कार्डाला जमत नाही. म्हणून क्यूएमूने सरळ दार लावून घेतलं, आणि ते योग्यच केलं.

आधी नेमका कोणता नकार आहे ते बघा

क्यूएमू ८.१ मध्ये व्हीएफआयओ (डिव्हाइस थेट व्हीएमला देणारी लिनक्सची सोय) मायग्रेशन प्रायोगिक अवस्थेतून बाहेर आलं. तिथून पुढे प्रत्येक डिव्हाइस जोडताना काही तपासण्या ठरलेल्या क्रमाने होतात आणि पहिली जिथे अडते तिथेच थांबून तेवढंच कारण नोंदवलं जातं. हा क्रम माहीत नसल्यामुळे बराच वेळ वाया जातो. एक कारण दूर केलं की दुसरं बाहेर येतं आणि माणसाला वाटतं आपण काहीतरी नवीनच बिघडवलं.

क्रमाने पहिलं येतं 'व्हीएफआयओ मायग्रेशन इज नॉट सपोर्टेड इन कर्नल'. याचा व्हर्च्युअल आयओएमएमयूशी काही संबंध नाही. व्हीएफ होस्टवर साध्या व्हीएफआयओ-पीसीआय ड्रायव्हरला बांधलेलं असतं, तो डिव्हाइसची स्थिती काढून देऊ शकत नाही. त्या कार्डाचा खास ड्रायव्हर लागतो. कनेक्टएक्स-७ सारख्या कार्डासाठी तो एमएलएक्स५-व्हीएफआयओ-पीसीआय, जो लिनक्स ५.१८ पासून कर्नलमध्ये आहे. त्याआधी डेव्हलिंक या लिनक्सच्या साधनातून त्या व्हीएफच्या पोर्टवर 'मायग्रेटेबल' हा गुण चालू करावा लागतो, आणि तो करताना व्हीएफ कोणत्याही ड्रायव्हरला बांधलेलं नसावं. होस्ट रीबूट झाला की हा गुण पुन्हा द्यावा लागतो. तो सिस्टमडीच्या एका सर्व्हिसमध्ये घालून ठेवा, नाहीतर पावसातल्या पहिल्या वीजकपातीनंतर हा नकार परत येणार.

दुसरं, डिव्हाइसला डर्टी नोंद ठेवता येत नसल्याचं वाक्य. मायग्रेशनचा पर्याय ('एनेबल-मायग्रेशन') 'ऑटो'वर असेल तर क्यूएमू इथेच थांबतो. तो 'ऑन' केला तर फक्त इशारा देऊन पुढे जातो, पण मग मॅप केलेली सगळी मेमरी कायम डर्टी धरली जाते. ६४ जीबीचं व्हीएम २५ गिगाबिटच्या लिंकवरून शेवटच्या टप्प्यात पुन्हा अख्खं पाठवायचं तर साधारण २२ सेकंद लागतात, १० गिगाबिटवर ५५. क्यूएमूची डीफॉल्ट थांबण्याची मर्यादा ३०० मिलिसेकंद आहे आणि तेवढ्यात २५ गिगाबिटवरून जेमतेम १ जीबी जातो. त्यामुळे मायग्रेशन सुरू होतं आणि संपतच नाही.

तिसरं, एकाहून जास्त पासथ्रू डिव्हाइसेस असतील आणि त्यांतल्या एखाद्याला पीटूपी अवस्था (स्वतःहून डीएमए सुरू न करता दुसऱ्या डिव्हाइसला मात्र उत्तर देणं) येत नसेल, तर तसं वाक्य येतं. आणि सगळ्यात शेवटी आपलं व्हर्च्युअल आयओएमएमयूचं.

मायग्रेशन सुरू न करता हे कारण बघता येतं. व्हर्शच्या क्यूएमू मॉनिटर कमांडमधून 'क्वेरी-मायग्रेट' विचारा. उत्तरात 'ब्लॉक्ड-रीझन्स' या नावाखाली सगळ्या डिव्हाइसेसची कारणं येतात. चालू व्हीएमवर हे विचारल्याने काहीही बिघडत नाही, म्हणून दुपारच्या गर्दीतही बिनधास्त करा.

व्हर्च्युअल आयओएमएमयू तिथे का आहे, हा खरा प्रश्न

हा प्रश्न विचारला की बऱ्याच व्हीएमच्या बाबतीत उत्तर मिळतं: टेम्प्लेटमध्ये होता म्हणून. कधीतरी एका व्हीएमला तो खरोखर लागत होता, त्याच्या एक्सएमएलवरून (व्हीएमच्या रचनेची फाइल) बाकीची क्लोन झाली, आणि आयओएमएमयूचा तो घटक सगळीकडे पसरला. दर मेंटेनन्सला हा प्रश्न नव्याने उगवतो त्याचं कारणही हेच. जुनी व्हीएम दुरुस्त झाली तरी टेम्प्लेट तसंच राहतं.

खरी गरज असण्याची कारणं मोजकी आहेत. गेस्टच्या आत डीपीडीके (कर्नलला वगळून पॅकेट हाताळणारी लायब्ररी) व्हीएफआयओमधून कार्ड चालवत असेल. गेस्टच्या आत पुन्हा केव्हीएम असेल आणि आतल्या व्हीएमला डिव्हाइस द्यायचं असेल. किंवा व्हीसीपीयू (व्हीएमचे आभासी प्रोसेसर) २५५ पेक्षा जास्त असतील. तेव्हा लिबव्हर्ट स्वतःच विस्तारित इंटरप्टवाला आयओएमएमयू मागतो.

गेस्टमध्ये तो खरोखर वापरात आहे का हे सिसएफएसमधल्या कर्नलच्या आयओएमएमयू ग्रुप्सच्या डिरेक्टरीत दिसतं. ती रिकामी असेल तर गेस्टने पत्त्यांसाठी तो कधी सुरूच केलेला नाही आणि व्हीसीपीयू २५५ पेक्षा जास्त नसतील तर काढायला काहीच हरकत नाही. ग्रुप असतील तर प्रत्येकाची 'टाइप' फाइल उघडा. 'आयडेंटिटी' लिहिलेलं असेल तर गेस्ट पत्ते जसेच्या तसे वापरतोय.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. गेस्टच्या कर्नल कमांडलाइनवर पासथ्रूचा पर्याय दिला की मॅपिंग स्थिर होतं हे खरं, आणि वेगालाही त्याचा फायदा होतो. पण क्यूएमू तपासतो ते डिव्हाइस जोडतानाच, गेस्ट बूट व्हायच्या आधी, आणि तो फक्त एवढंच बघतो की हे डिव्हाइस व्हर्च्युअल आयओएमएमयूच्या मागे आहे का. गेस्टने नंतर काय ठरवलं याची तो दखल घेत नाही, कारण गेस्ट ते केव्हाही बदलू शकतो. त्यामुळे या पर्यायाने नकार जात नाही.

काढून टाकायचा असेल तर

व्हर्श एडिटने एक्सएमएलमधला आयओएमएमयूचा घटक काढा. गेस्टच्या ग्रब या बूटलोडरमधून आयओएमएमयूचे पर्यायही काढले तर स्वच्छ राहतं, पण ते नंतर केलं तरी चालेल. मग व्हीएम पूर्ण बंद करून चालू करा. याच पायरीवर घोळ होतो. डिचोलीहून रिमोटवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याशी झालेलं बोलणं:

"दादा, घटक काढला, मशीन पण परत चालू केलं. तरी तोच एरर."

"बंद केलं होतंस, की आतून रीस्टार्ट?"

"आतून रीबूट मारलं."

"मग क्यूएमूची प्रोसेस जुनीच आहे रे. पीआयडी बघ, बदललेला नसेल. व्हर्शमधून शटडाऊन दे, यादीतून गेलं की मग स्टार्ट."

गेस्टच्या आतून केलेल्या रीबूटने क्यूएमूची प्रोसेस तीच राहते आणि जुनाच हार्डवेअर आराखडा पुढे चालू राहतो. डंप-एक्सएमएल दोनदा काढा, एकदा साधा आणि एकदा 'इनअ‍ॅक्टिव्ह' पर्यायासह, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. आयओएमएमयू फक्त साध्या, म्हणजे चालू आराखड्यात दिसत असेल तर बदल अजून लागू झालेला नाही.

एक सुखद परिणामही दिसेल. इंटेलच्या व्हर्च्युअल आयओएमएमयूला पासथ्रूसोबत कॅशिंग मोड लागतो. त्यात गेस्टचं प्रत्येक नवं मॅपिंग क्यूएमूपर्यंत जाऊन होस्टच्या आयओएमएमयूत पुन्हा मांडलं जातं. तो खर्च पूर्ण वाचतो. शिवाय व्हर्च्युअल आयओएमएमयू असताना प्रत्येक पासथ्रू डिव्हाइसला आपापला व्हीएफआयओ कंटेनर, म्हणजे मॅपिंगचा वेगळा संच, मिळतो, आणि लॉक केलेल्या मेमरीची मर्यादा डिव्हाइसेसच्या संख्येने गुणावी लागते. दुसरं व्हीएफ जोडताना 'कॅनॉट अलोकेट मेमरी' म्हणत व्हीएम उठत नसेल तर त्याचंही मूळ पुष्कळदा हेच असतं.

काढता येत नसेल तर

समजा व्हीएममध्ये एका डिव्हाइससाठी आयओएमएमयू लागतोच, पण मायग्रेशन अडवणारं नेटवर्क कार्ड मात्र गेस्टचा कर्नलच वापरतो. अशा वेळी ते कार्ड आयओएमएमयूच्या बाहेर ठेवता येतं. क्यूएमूच्या पीएक्सबी-पीसीआयई या जादा रूट बसला 'बायपास-आयओएमएमयू' असा गुण आहे. तो चालू करून त्या बसखालच्या रूट पोर्टवर कार्ड बसवलं की त्या कार्डापुरतं मॅपिंग सरळ होतं आणि क्यूएमूची तपासणी पार पडते. हा गुण एक्सएमएलमध्ये क्यूएमू कमांडलाइनच्या वाटेने द्यावा लागतो. दोन्ही होस्टवर आराखडा तंतोतंत सारखा हवा. मात्र हेच कार्ड गेस्टमधला डीपीडीके वापरणार असेल तर हा मार्ग सोडा. आयओएमएमयूशिवाय डीपीडीके चालवायचं म्हणजे व्हीएफआयओचा 'नो-आयओएमएमयू' मोड, आणि त्यात संरक्षण राहत नाही.

नेटवर्क कार्डासाठी दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो: टीमिंग. एक्सएमएलमध्ये दोन इंटरफेस द्यायचे, एक व्हर्टआयओ या आभासी कार्डाचा 'पर्सिस्टंट', दुसरा व्हीएफचा 'ट्रान्झिएंट', दोघांचा मॅक पत्ता एकच. गेस्टचा नेट-फेलओव्हर ड्रायव्हर, जो लिनक्स ४.१८ पासून आहे, दोघांना एका इंटरफेसखाली धरतो. मायग्रेशन सुरू झालं की क्यूएमू व्हीएफ काढून घेतो, रहदारी व्हर्टआयओवर येते, आणि पलीकडे पोचल्यावर तिथलं व्हीएफ जोडलं जातं. डिव्हाइसची स्थिती न्यावीच लागत नाही, म्हणून डर्टी नोंदीचा आणि आयओएमएमयूचा प्रश्नच उरत नाही. कार्डाला मायग्रेशन येत नसलं तरी चालतं, दोन होस्टवर वेगळ्या कंपनीची कार्डं असली तरीही चालतं. तेवढा वेळ वेग कमी मिळतो, म्हणून हे काम रात्री करा. मायग्रेशनची स्थिती 'वेट-अनप्लग'वर अडकून बसली तर समजा गेस्टने व्हीएफ सोडलेलं नाही. बहुधा गेस्ट अजून बूट होतोय किंवा त्याच्यात पीसीआय हॉटप्लग बंद आहे.

आणि डीपीडीकेवालं फायरवॉल व्हीएम? त्याला नेट-फेलओव्हर उपयोगी नाही, कारण कार्ड कर्नलच्या हातात नसतंच. माझं स्पष्ट मत असं, की त्याला लाईव्ह मायग्रेट करायचा हट्ट सोडावा. दोन होस्टवर दोन फायरवॉल ठेवा, व्हीआरआरपीने (एक मागे हटला की दुसऱ्याने त्याचा पत्ता घ्यायचा प्रोटोकॉल) जोडी लावा, आणि मेंटेनन्सच्या वेळी मुख्य फायरवॉलची प्रायॉरिटी उतरवून दुसऱ्याला पुढे करा. तो बदल काही सेकंदांत होतो, आणि होस्ट अचानक बंद पडला तरी हीच जोडी कामाला येते. मायग्रेशन त्या प्रसंगी काहीच करू शकत नाही.

पुन्हा येऊ नये म्हणून

मायग्रेशनचा पर्याय डीफॉल्टने 'ऑटो' असतो. त्यात अडथळा असला तरी व्हीएम निमूटपणे चालू होतं आणि अडथळा मागे नोंदवून ठेवला जातो. म्हणूनच हा प्रश्न जानेवारीत बसवलेल्या व्हीएममध्ये मे महिन्यात सापडतो. ज्या व्हीएमला मायग्रेशन यायलाच हवं, त्यांच्या व्हीएफला 'एनेबल-मायग्रेशन' हा गुण 'ऑन' द्या. लिबव्हर्टमध्ये तो क्यूएमू ओव्हरराइडच्या घटकातून देता येतो. मग व्हर्च्युअल आयओएमएमयू चुकून आला तर व्हीएम सुरूच होणार नाही आणि कारण समोरच दिसेल. बसवतानाच अडलेलं परवडतं, कारण तेव्हा त्यावर कोणाचं काम चालू नसतं. फक्त कार्डाला डर्टी नोंद येते याची आधी खात्री करा, कारण 'ऑन'वर तो नकार नुसता इशारा होऊन जातो. टीमिंगमधल्या व्हीएफला हा गुण लावू नका, तिथे तो अप्रस्तुत आहे.

टेम्प्लेटमधून आयओएमएमयूचा घटक आजच काढा आणि ज्याला लागतो त्या व्हीएमच्या वर्णनाच्या रकान्यात का लागतो ते मराठीत एका ओळीत लिहून ठेवा. मेंटेनन्सच्या आठवडाभर आधी सगळ्या चालू व्हीएमना 'क्वेरी-मायग्रेट' विचारणारी छोटी स्क्रिप्ट चालवा आणि ज्यांच्या उत्तरात 'ब्लॉक्ड-रीझन्स' येतात तेवढ्यांची यादी काढा. यादीतल्या व्हीएमना बंद करून चालू करावं लागेल, आणि त्यासाठी वापरकर्त्यांशी वेळ ठरवायला आठवडा पुरतो.

क्यूएमू किंवा होस्टचा कर्नल अपग्रेड केल्यावर हीच स्क्रिप्ट पुन्हा चालवा. आयओएमएमयूएफडी वापरणाऱ्या नव्या जोडण्यांमध्ये होस्टचा आयओएमएमयू स्वतः डर्टी नोंद ठेवू शकतो, त्यामुळे यादीतली काही नावं आपोआप गळतील. इंटेलमध्ये त्यासाठी प्रोसेसरच्या आयओएमएमयूला स्केलेबल मोड लागतो, म्हणून जोडीतला एक होस्ट नवा आणि एक जुना असेल तर दोन्हीकडे वेगळं उत्तर मिळेल. अशा वेळी जुन्या होस्टचं उत्तर खरं धरून नियोजन करा.